रकाना क्रमांक सात

पस्तीस पूर्ण व्हायला मला एक महिना नऊ दिवस.
अर्जावर ठळक अक्षरांत: नवोदित संशोधक, वय पस्तिसाच्या आत.
म्हणजे यंदा नाही तर मी नवोदित उरणार नाही,
आणि ज्येष्ठांत अजून कुणी बोलावलेलं नाही.

विषय: लातुरातल्या शिकवणी-वसतिगृहांत राहणाऱ्या
सोळा ते अठरा वयाच्या मुलामुलींची झोप.
गरज काय, ते दोनशे शब्दांत मागितलंय.
मी लिहिते, खोडते.
एकशे शहाण्णवाव्या शब्दाशी
औशाची शेवटची एसटी चौकातून वळते.

पैसे नव्हते तेव्हाच सुरुवात केली होती.
चाळीस वह्या, गंजगोलाईतून घाऊक भावानं.
रोज तीनच ओळी: कधी निजलो, कधी उठलो, शेरा.
शेऱ्यात आलं,
"फिजिक्सची टेस्ट. उत्तर येत होतं, डोळा लागला."
"खालच्या खाटेवरचा ज्ञानोबा झोपेत समीकरणं जुळवतो."
"आईचा फोन. झोपले होते म्हणून सांगितलं."
रेणापूरच्या समरीननं सलग अकरा दिवस
एकच वेळ लिहिली, एक चाळीस.
बाराव्या दिवशी नुसतं टिंब,
शाई खालच्या पानापर्यंत झिरपलेली.

पण मला खरं शिकवलं ते मेसच्या कौसाबाईंनी.
पहाटे साडेचारला कढईत मोहरी टाकता टाकता
त्या वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजतात.
"हे बगा मॅडम, उजेडातली लेकरं
पोहे नुसते चिवडतेत.
निजलेलं लेकरू दुसऱ्यांदा ताट आणतंय."
गॅसच्या टाकीमागं, भिंतीवर
कोळशाच्या रेघा, खोलीवार, जूनपासूनच्या.
मी त्या वह्यांशी ताडून पाहिल्या.
चाळिसांत चौतीस जुळल्या.
उरलेल्या सहांत
मुलं खोटं लिहीत होती, बाई नाही.

मग रकाना क्रमांक सात: मनुष्यबळ.
क्षेत्रीय सहाय्यक, एक. दरमहा नऊ हजार.
नाव: कौसाबाई गुंडिबा सुरवसे.
पात्रता,
इथं यादी उघडते: पदविका, पदवी, पदव्युत्तर.
चौथी पास कुठंच नाही.
'इतर'सुद्धा नाही.

मुलाखत पडद्यावर झाली. तीन चौकटी, तीन चेहरे.
एक सर सौजन्यानं म्हणाले,
"न झोपणं म्हणजे काही आजार नव्हे, डॉक्टर.
आम्हीही जागलो की आमच्या वेळी."
त्यांच्या पाठीमागं सन्मानचिन्हांचं कपाट.
मी हो सर म्हणाले.
आणि मग, का कोण जाणे, मोहरीचं सांगितलं.
तिसऱ्या चौकटीतल्या बाईंनी
इतका वेळ बंद असलेलं पेन उघडलं.

पत्र आलं तेव्हा वयाचे चार दिवस उरले होते.
मंजूर.
मनगटी यंत्रं मागितली साठ, दिली अठरा.
प्रवासखर्च निम्मा. सहभागींचा चहा अमान्य.
रकाना सात: निकषात बसत नाही, वगळावे.

पेढे घेऊन मेसमध्ये गेले.
काय सांगायचं ते वाटेत तीनदा जुळवलेलं,
तिथं सगळं सांडलं.
कौसाबाईंनी पेढा पदराला बांधला, नातीसाठी.
"पैशाचं ऱ्हाऊ द्या. रेघा काय, म्या वडतेच.
ते घड्याळ दावा."
दाखवलं. हे मनगटाला बांधायचं,
रात्रभर आपोआप मोजतं, किती झोप, किती कूस.
त्यांनी ते उलटंपालटं केलं,
ओल्या हातानं मनगटाशी धरून पाहिलं.
साडेतीनला उठणारं मनगट,
तेलाच्या शिंतोड्यांचे जुने डाग.
"माजं बी मोजंल का ह्ये?"

मी म्हणाले,
"मावशी, त्यात वय सोळा ते अठरा आहे."
म्हणून झालं आणि ऐकू आलं
माझ्याच तोंडून ते पत्र.

त्यांनी घड्याळ पुसून माझ्या हातात ठेवलं.
वर पाहिलं.
"तिसऱ्या मजल्यावर, कडेची," म्हणाल्या,
"पयलं तिला बांदा."
आणि कढई तापली होती, तिकडं वळल्या.